अर्धशिशी आणि आठवण



डोके दुखणे ही आपल्याकडे सांगण्यासारखी गोष्ट मानली जात नाही. ताप अंगाला हात लावून कळतो, मोडलेला पाय प्लॅस्टरमुळे दिसतो; दुखणाऱ्या डोक्याला मात्र बाहेरून काहीच खूण नसते. "बाम लाव आणि पड जरा," एवढ्यावर त्याची बोळवण होते. आणि त्या दुखण्याच्या पाठोपाठ विसर पडू लागला, तर तो कोणाजवळ बोलायचीही चोरी. भाजीत मीठ दोनदा पडले, मुलाच्या फीची तारीख टळली, शेजारणीचे नाव ऐन वेळी ओठावर आले नाही, की बाई आतल्या आत घाबरते आणि वरून हसून वेळ मारून नेते. आज मला बोलायचे आहे ते या लपवलेल्या तक्रारीविषयी.

माझा दवाखाना दहिसरला आहे. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द वाढली तेव्हा दहिसर मुंबईत आले. त्याआधी इथे शेते होती आणि वाड्या होत्या. आजही नाका ओलांडला की ठाणे जिल्हा लागतो. त्यामुळे माझ्या बाकड्यावर दोन तऱ्हेची माणसे शेजारी शेजारी बसलेली असतात. एक, पहाटे पाण्याची वेळ साधून, डबे भरून, चर्चगेटची लोकल धरणारी. आणि दुसरी, पालघर-डहाणूकडून गाडीने आलेली, भाताच्या लावणीत कमरेत वाकून दिवस काढणारी. दोघींचे दुखणे पुष्कळदा एकच असते. अर्धे डोके ठणकते, उजेड सोसवत नाही, भांडे पडल्याचा आवाज कानात खिळ्यासारखा शिरतो, मळमळते, उलटी झाली की जरा बरे वाटते. हीच अर्धशिशी. डॉक्टर मंडळी तिला मायग्रेन म्हणतात, आणि आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तिला अर्धावभेदक असे नाव आहे. तेव्हा हे दुखणे काही लोकलगाडीने आणलेले नाही.

शहरी लोकांचे हे लाड आहेत असे कोणाला वाटत असेल, तर शेजारच्या कर्नाटकाकडे पाहावे. तिथे बंगळूर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीचे आकडे २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेली माणसे १०० मध्ये सुमारे २५ निघाली. बायकांत ती पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त होती, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त होती! उन्हातले काम, अपुरी झोप, रिकामे पोट यांना खेड्यात तरी कुठे सुट्टी असते?

आता विसरण्याकडे येऊ. माझ्याकडे एखादी शाळामास्तरीण येते. डोकेदुखीची चिठ्ठी लिहून घेते, उठते, दारापर्यंत जाते आणि मग परत फिरून हळूच विचारते, "डॉक्टर, परवा फळ्याजवळ उभी होते आणि समोरच्या मुलाचं नाव आठवेना. दोन वर्षं माझ्याच वर्गात आहे तो. माझ्या आईला म्हातारपणी काही आठवत नव्हतं. मलाही तसंच होणार का?" ती खरे म्हणजे याच प्रश्नासाठी आलेली असते, डोकेदुखी हे निमित्त. तिला मी प्रथम एकच विचारतो, "डोकं कधी दुखलं होतं? नाव कधी आठवलं नाही?" बहुधा उत्तर येते, "दुखलं आदल्या दिवशी. त्या दिवशी तर बरं होतं." आणि नेमके इथेच सगळे आहे.

मायग्रेन म्हणजे केवळ डोके दुखण्याचे ते चार-सहा तास नव्हेत. तिचा फेरा मोठा असतो. दुखण्याच्या कधी काही तास, तर कधी एकदोन दिवस आधीपासून जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते आणि कामात लक्ष लागत नाही. काही जणांना, म्हणजे साधारण चौघांतल्या एकाला, दुखणे सुरू होण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकत्या रेघा दिसतात, हाताला मुंग्या येतात, क्वचित बोलताना शब्दच सापडत नाहीत. हे बहुधा तासाभरात ओसरते. मग प्रत्यक्ष दुखणे. औषध न घेतले तर ते चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकते. आणि ते थांबल्यावरही गाडी लगेच रुळावर येत नाही. आणखी एक दिवस, कधी दोन, माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा असतो. डोके दुखत नाही, पण चालतही नाही. त्या मास्तरीणबाई ज्या दिवसाला "बरा दिवस" म्हणत होत्या, तो असा उतरणीचा दिवस होता.

या फेऱ्यात आठवणीचे नेमके काय होते? शिक्षकांना हे चटकन समजेल. ओल्या पाटीवर पेन्सिलीने लिहून पाहा. हात फिरतो, अक्षर उमटत नाही. मग पाटी वाळल्यावर आपण म्हणतो, "लिहिलेलं पुसलं गेलं." पुसले गेलेले नसते, ते उमटलेलेच नसते. कोणतीही गोष्ट लक्षात राहण्यासाठी आधी तिच्याकडे लक्ष जावे लागते. मेंदू वेदनेशी, उजेडाशी आणि मळमळीशी झुंजत असताना नवऱ्याने सांगितलेला निरोप कानावर पडतो, पण आत पोहोचत नाही. दोन दिवसांनी तो म्हणतो, "मी तुला सांगितलं होतं." ती म्हणते, "नाही सांगितलंत." भांडण होते, आणि गंमत अशी की दोघेही खरेच बोलत असतात.

दुसरी तऱ्हा शब्द न सापडण्याची. गोष्ट आत जपून ठेवलेली असते, फक्त ती वेळेवर हाताशी येत नाही. फडताळात डबा आहे, पण काळोख आहे. थोड्या वेळाने, मागितले नसताना, ते नाव आपसूक आठवते. अशी आठवण हरवलेली नसते, हे त्या परत येण्यावरूनच कळते. आमच्या दहिसर नदीचे पाहा ना. तुळशी तलावाकडून येणारी ही एवढीशी नदी. उन्हाळ्यात तिच्यात गुडघाभर पाणी नसते, पण आषाढात ती फुगली की पलीकडे जायची वाट पाण्याखाली जाते. पाणी ओसरले की वाट होती तिथेच असते.

हे सगळे मनाचे खेळ नाहीत, याला शास्त्रीय आधार आहे. १९४४ साली लेआओ नावाच्या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने दाखवले की मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट सरकू शकते. ती जिथून जाते तिथल्या पेशी आधी खवळतात आणि मग काही वेळ गप्प होतात. तिचा वेग मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे गोगलगायही हिच्या पुढे जाईल. डोळ्यांपुढच्या त्या नागमोडी रेघा या लाटेमुळे दिसतात, असे आज मानले जाते. ती दृष्टीच्या भागावरून गेली की रेघा दिसतात, स्पर्शाच्या भागावरून गेली की मुंग्या येतात, आणि वाचेच्या भागापर्यंत पोहोचली तर शब्द अडतात. तेव्हा "नाटक करते" म्हणणाऱ्या सासूबाईंनी, आणि सासऱ्यांनीही, हे जरा ध्यानात घ्यावे.

पण तो मोठा प्रश्न उरतोच. वर्षानुवर्षे अर्धशिशी सोसली तर म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो का? हॉलंडमध्ये मायग्रेन असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रे काढून, नऊ वर्षांनी ती पुन्हा काढली गेली. त्याचे निष्कर्ष २०१२ साली आले. मायग्रेन असलेल्या बायकांच्या मेंदूत बारीक पांढरे ठिपके जास्त वाढलेले दिसले खरे. पण त्या ठिपक्यांमुळे बुद्धी किंवा आठवण ढासळल्याचे आढळले नाही. फ्रान्समधल्या वयस्क माणसांच्या अशाच एका दीर्घ पाहणीतही मायग्रेनवाल्यांची आठवण इतरांपेक्षा लवकर गेलेली दिसली नाही. सगळेच अभ्यास एका सुरात बोलतात असे मात्र नाही. डेन्मार्कमधील रुग्णालयांच्या नोंदींवरून २०२० साली आलेल्या एका अभ्यासात थोडा संबंध दिसला होता. तरीही माझ्यासमोर बसलेल्या पस्तिशीच्या बाईला मी स्वच्छ सांगतो: तुझ्या आईचा आजार वेगळा, तुझा वेगळा. स्मृतिभ्रंशाचा विसर पायरी पायरीने उतरत जातो आणि परतत नाही. तुझा विसर डोकेदुखीबरोबर येतो आणि तिच्याबरोबर जातो. पुष्कळदा एवढे ऐकून बाईच्या डोळ्यांत पाणी येते. दोन दोन वर्षे ही भीती तिने पदराखाली ठेवलेली असते.

मग काही जणांचा विसर रोजचाच का होतो? याचे उत्तर पुष्कळदा घरातल्या गोळ्यांच्या डब्यात असते, आणि इथे मी थोडे सविस्तर बोलणार आहे.

डोके दुखले की दुकानातून गोळी आणायची, ही आपली रीत. पूर्वी बाम होता. तो पिवळा अमृतांजन बाम तर मुंबईतच, १८९३ साली, काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी काढला. बाम कपाळावर चुरचुरतो, जरा बरे वाटते, आणि त्याने फारसे बिघडत नाही. गोळीचे तसे नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अथवा दोनतीन औषधे एकत्र केलेली गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ चालू राहिली, की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. आपल्याकडे अर्धशिशीसाठी ज्या गोळ्या सर्रास मागितल्या जातात, त्यांत अर्गोटामिन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असते. म्हणजे मर्यादा १० दिवसांची झाली. गोळीचा अंमल उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी. कॅफीनने झोप उडते. झोप गेली की आठवण गेली. बाई म्हणते, "माझं डोकं रोजच दुखतं आणि मला काहीच आठवत नाही." तिच्या पर्समध्ये पाहावे तर कप्प्याकप्प्यांत चंदेरी पाकिटे! अशा वेळी गोळ्या बंद कराव्या लागतात. पहिले काही दिवस, कधी दोनतीन आठवडे, दुखणे वाढते. ते दिवस डॉक्टरच्या मदतीने काढले, तर पुढे अनेकांचे दुखणे निम्म्यावर येते आणि डोके हलके होते. हे मनाने करू नका. विशेषतः झोपेच्या किंवा नशेच्या अंगाच्या गोळ्या असतील, तर त्या एकदम तोडणे धोक्याचे असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डोकेदुखी वारंवार येऊ नये म्हणून आम्हीच रोज घ्यायला जी औषधे देतो, त्यांतली काही आठवणीवर बसतात. टोपिरामेट या औषधाने शब्द अडखळतात. फोन नंबर, हिशेब डोक्यात राहत नाहीत. अमिट्रिप्टिलिन आणि फ्लुनारिझिन यांनी सुस्ती येते. औषध सुरू झाल्यावर विसर वाढला असेल, तर तो औषधाचा असू शकतो, आणि मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की जातो. तेव्हा "नवीन गोळी सुरू झाल्यापासून असं होतंय" हे वाक्य डॉक्टरला सांगायला लाजू नका. दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही आधी सांगा. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही दोन्ही औषधे पोटातल्या बाळाला अपाय करू शकतात. आणि न विचारता औषध बंदही करू नका.

याशिवाय बारीकसारीक चोर आहेतच: अंगात रक्त कमी असणे, थायरॉईडचे मांद्य, बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव (ती आपल्या शाकाहारी घरांत पुष्कळ आढळते), घोरण्याच्या आजाराने मोडणारी झोप. साध्या रक्ततपासणीने यांतले बरेच कळते. उदासीनतेचे मात्र रक्तात कळत नाही. तिच्याविषयी विचारावे लागते. सतत दुखणाऱ्या माणसाचे मन खचते, आणि खचलेल्या मनाला काही लक्षात ठेवण्याची इच्छाच उरत नाही. तिच्यावरही औषध आहे.

आता जरा कठोर बोलतो. आतापर्यंत दिलेला धीर सगळ्यांसाठी नाही. काही डोकेदुख्या अशा असतात की तिथे विसर पडणे ही धोक्याची घंटा समजावी. म्हातारे माणूस न्हाणीघरात घसरले, डोक्याला थोडे लागले, "काही नाही" म्हणून सगळे विसरले. आणि पुढे काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही, त्यांचे डोके दुखू लागले, ते घोटाळू लागले, दिवसा झोपू लागले. घरचे म्हणतात, म्हातारचळ लागला. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचत असते. वेळीच तपासणी झाली तर छोट्या शस्त्रक्रियेने ते काढता येते आणि माणूस पूर्ववत होऊ शकतो. दारू पिणाऱ्यांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत याचा धोका जास्त. तसेच, आठदहा दिवस बारीक ताप, डोकेदुखी आणि वागण्यात फरक, हा क्षयाचा मेंदूज्वर असू शकतो. लहान मुलांत तर याबाबत एक दिवसही दवडू नये. वीज कोसळावी तसे एका क्षणात उठलेले भयंकर दुखणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, फीट येणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणात डोकेदुखीबरोबर अंगावर सूज किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यांतले काहीही असले तर लेप-बाम करत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर तिथे, नाहीतर सरळ जिल्हा रुग्णालयात जा. मुंबईच्या माणसाला परळचे के. ई. एम., मुंबई सेंट्रलचे नायर ही मेंदूविकार विभाग असलेली महापालिकेची मोठी रुग्णालये आहेत. आणखी एक, शहरातल्या बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर. आंघोळीनंतर रोज डोके दुखून भोवळल्यासारखे, सुन्न वाटत असेल, तर आधी त्या गीझरकडे आणि खिडकीकडे पाहा. त्या विषारी वायूला वास नसतो.

शिक्षकमंडळींशी मला खास बोलायचे आहे, कारण मुलांची अर्धशिशी पहिल्यांदा दिसते ती तुम्हाला. मुलांमध्ये ती मोठ्यांसारखी नसते. दोन्ही बाजूंना किंवा कपाळावर दुखते, पोटात दुखते, चेहरा पांढरा पडतो, उलटी होते. आणि तास-दोन तास झोप लागली की पोरगे ताजेतवाने होऊन मैदानात धावू लागते. इथेच त्याच्यावर अन्याय होतो. "आत्ता तर ओकत होतास, आणि आता कबड्डी? ढोंगी!" हे ढोंग नव्हे, झोपेने उतरणे ही या दुखण्याची ओळखच आहे. असे मूल हुशार असूनही चाचणीत अचानक कोरा पेपर देते. काल शिकवलेले पाढे आज त्याला ऐकवत नाहीत आणि परवा घडाघडा ऐकवते. मार्कांची वही पाहिली तर चढउतार दिसतो. मठ्ठ मुलाची वही अशी नसते. तारखा मांडून पाहा. ज्या दिवशी मूल डोके धरून बसले होते, त्या आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचे धडे त्याला पुन्हा एकदा सांगा. एवढ्यानेच पुष्कळ काम होते. दुखत असताना त्याला ऑफिसच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आडवे होऊ द्या, पाणी द्या, आणि पालकांना एकदा बोलावून मूल घरून खाऊन येते का ते विचारा. सकाळच्या शाळेतली निम्मी मुले चहा-बिस्किटावर आलेली असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. फळ्यावर ऊन पडून चकाकत असेल तर त्या मुलाची जागा बदला, चष्म्याची तपासणी करून घ्या.

मोठ्यांनीही दिनक्रमाकडे पाहायचे. अर्धशिशीच्या मेंदूला बदल आवडत नाही. झोप रोज ठरल्या वेळी, जेवण ठरल्या वेळी, पाणी पुरेसे, उन्हात डोक्यावर काहीतरी. उपासतापास करू नका असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण संकष्टीच्या रात्री चंद्रोदयाची वाट पाहता पाहता डोके फुटायची वेळ येत असेल, तर दुपारी दूध-केळे घेतल्याने गणपती रागावेल असे मला वाटत नाही. आणि फेरा सुरू झाल्याची चाहूल लागली, की डॉक्टरने दिलेली गोळी लगेच घ्या. "बघू जरा, नाहीच थांबलं तर घेऊ" म्हणून तीन तास काढले की तीच गोळी निकामी ठरते. लवकर आवरलेल्या दुखण्याची उतरणही पुष्कळदा लहान होते. उतरणीच्या दिवशी पैशांचा हिशेब, सहीचे कागद, शेतात फवारणीच्या औषधाचे माप ही कामे उद्यावर टाका, नाहीतर दुसऱ्याला शेजारी उभे करून करा. घरच्यांनी महत्त्वाचा निरोप तोंडी न देता कागदावर लिहून चुलीजवळच्या खिळ्याला लावावा. लिहिता येत नसेल तर मुलाला सांगावा. मुले निरोप विसरत नाहीत, खाऊचा तर मुळीच नाही.

एक साधी वही करा. शाळेची उरलेली अर्धी वहीसुद्धा चालेल. तिच्यात रोज लिहायचे काही नाही. डोके दुखले त्या दिवसाची तारीख, किती वेळ दुखले, कोणती गोळी किती घेतली, आणि विसरल्याची गोष्ट घडली तर ती कोणत्या दिवशी, एवढेच. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी, कारण पुष्कळ जणींचे दुखणे तिच्या आगेमागेच येते. तीन महिन्यांनी ही वही डॉक्टरपुढे ठेवा. आम्हाला तासभर प्रश्न विचारून जे कळत नाही, ते त्या दोन पानांत दिसते. आणि येताना घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणा. नावे आठवत बसण्याची काही गरज नाही.